शून्यबिंदू टेंभुरपाडा

सांगलीच्या एसटी स्टँडवरून वखार भागातल्या घरापर्यंत शाल्मली चौगुले चालत आली, आणि तिच्या कानात काहीच नव्हतं.

तिची आई केतकी मुद्दाम थोडी मागे राहिली होती. पोरगी कुठे अडखळते ते तिला बघायचं होतं. शाल्मली अडखळली नाही. पाठीवर सहा महिन्यांचं बोचकं घेऊन ती रमतगमत चालली होती, आणि मोठा रस्ता वळसा घ्यायला लागला तशी सरळ एका बोळात शिरली.

“अगं, हा कुठं निघतो?” केतकीने विचारलं. लग्न होऊन या भागात येऊन तिला वीस वर्षं झाली होती, पण या बोळात ती कधी शिरली नव्हती.

“आपल्या मागच्या गल्लीत.”

“कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे कुणी? रस्ता एवढा फिरून जातोय म्हणजे मधून वाट असणारच की.”

वाट होती. बोळ घराच्या मागच्या दारापाशीच निघाला. शाल्मलीचा बाप अभिनंदन आज हळदीची पेढी सोडून लवकर घरी आला होता. मागून आवाज आल्यावर तो चकितच झाला.

“या, वाटाड्याबाई,” तो म्हणाला. “पुढच्या दाराला मी रांगोळी काढून घेतली, आणि तुम्ही मागून!”

तिघंही हसले. मग केतकीला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

शाल्मलीच्या पिढीतली मुलं कानातल्या आवाजावर वाढली होती. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र लहानपणीच कानात बसायचं. डावीकडे, आता सरळ, पोचलात. शाळा, क्लास, मैत्रिणीचं घर, सगळं त्या आवाजाच्या बोटाला धरून. आईबाप निश्चिंत होते. जागांचा नकाशा करणं हे मेंदूच्या ज्या भागाचं काम, तो या मुलांमध्ये वापराविना आखडून राहिला आहे, हे फार उशिरा लक्षात आलं. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं स्थलांधत्व. केतकीला ते नाव कळायच्या आधीच त्याचा अर्थ कळला होता. कृष्णेला पूर आला आणि शहरातलं सगळं नेटवर्क बंद पडलं, त्या दिवशी बारावीतली शाल्मली घरापासून दोन गल्ल्यांवर विजेच्या खांबाला धरून उभी सापडली. पाणी घोट्याला लागलं होतं. ओळखीची माणसं पुढून जात होती आणि तिला कुणाला हाक मारायचंही सुचत नव्हतं. “आई, घर कुठल्या बाजूला आहे तेच मला कळेना,” एवढंच ती म्हणाली होती.

म्हणून रानसत्र. पुण्याच्या एका संस्थेने ते सुरू केलं होतं: बारावीनंतर सहा महिने सातपुड्यात, नर्मदेच्या अलीकडच्या डोंगरांत. मुक्कामाचं ठिकाण टेंभुरपाडा. तिथून मुलांनी तुकड्या करून रानात जायचं, नाले ओलांडायचे, वाट काढायची, चुकायचं, परत यायचं. कानातलं यंत्र पहिल्याच दिवशी काढून घेत.

नुसत्या पायपिटीने हे जमणारं नव्हतं, कारण नकाशा शिकायचं वय निघून गेलेलं होतं. लहान मुलाच्या मेंदूतल्या पेशी मोकळ्या असतात, कोणत्याही दिशेने हात पसरतात. पुढे प्रत्येक पेशीभोवती प्रथिनांची बारीक जाळी विणली जाते. शिकलेलं टिकावं म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. पण जाळी घट्ट झाली की नवं शिकणं अवघड होतं. संस्थेच्या डॉ. ओगल्यांनी नाकात मारायचा एक फवारा शोधला होता. तो मेंदूच्या नेमक्या त्या भागातली जाळी विरघळवत असे. काही महिने अठरा वर्षांच्या मुलाला तीन वर्षांच्या मुलाची ग्रहणशक्ती मिळे. मग फवारा थांबवायचा. जाळी पुन्हा विणली जाते आणि शिकलेलं आयुष्यभरासाठी पक्कं होतं.

ते पक्कं झालं होतं, हे केतकीने आज बोळात बघितलं होतं.

चौगुले जैन, त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. शाल्मली जेवली, बोलली, रानातल्या गमती सांगत राहिली. त्यांच्यातल्या विहंग जगदाळे नावाच्या साताऱ्याच्या मुलाने अस्वलाला कसं पळवलं, ते तिने उभं राहून, ताट वाजवून करून दाखवलं. अभिनंदनला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

सकाळी ती चहाला आली तेव्हा डोळे ओढलेले होते.

“झोप नाही झाली?” केतकीने विचारलं.

“नाही ना. नवीन जागेत मला पहिल्या रात्री लागतच नाही.”

केतकीच्या हातात गाळणं तसंच राहिलं. ज्या खोलीत शाल्मली झोपली होती, त्या खोलीत ती जन्मल्यापासून झोपत आली होती. आपण काय बोललो ते शाल्मलीच्याही ध्यानात आलं. ती घाईने म्हणाली, “म्हणजे, सवय गेलीय गं. होईल.”

ती झाली नाही. महिना गेला, दोन गेले. जायफळ घातलेलं दूध झालं, तळपायाला तेल झालं. तिचा पलंग आधी खिडकीशी, मग भिंतीशी, मग आईबापांच्या खोलीत आला. केतकी फिजिओथेरपिस्ट होती. पक्षाघाताने पडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. शरीराला हळूहळू सगळं पटवता येतं यावर तिचा विश्वास होता. शाल्मलीच्या शरीराला हे घर पटत नव्हतं. दिवसा बसल्या बसल्या तिला डुलकी लागे आणि ती दचकून उठे. कॉलेजचं पुस्तक उघडलं की ओळी सरकत. एकदा जिन्यावरून पडली, एकदा दुधाचं पातेलं जळून घरभर धूर झाला तरी ती त्याच्यासमोर उभीच होती. खुर्ची कुठलीही असो, ती उत्तरेकडे तोंड करून बसे. केतकीच्या ते लक्षात आलं होतं. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही.

“मला आठवतं सगळं,” शाल्मली एकदा तिला म्हणाली. “इथं मी पडले होते, इथं आजीचा फोटो होता, सगळं. पण ते दुसऱ्याच्या घरी पाहुणं गेल्यासारखं आठवतं. माणसं चांगली आहेत, पण कधी एकदा निघतो असं होतं. रागावू नको हं.”

“रागावतेय कशाला,” केतकी म्हणाली, आणि उठून गॅलरीतले कपडे काढायला गेली. ते अजून ओले होते.

सत्रातल्या जवळजवळ निम्म्या मुलांचं असंच झालं होतं. संस्थेने पालकांना पुण्याला बोलावलं. डॉ. ओगले हे साठीचे, हळू बोलणारे गृहस्थ. टेंभुरपाड्याच्या शिबिरप्रमुख उर्मिला वळवी पडद्यावरून बोलत होत्या. त्या तिथल्याच, धडगावच्या. अनेक शिखरं चढून आलेल्या.

“आपण अनोळखी ठिकाणी झोपतो,” ओगले म्हणाले, “तेव्हा मेंदूचा एक अर्धा भाग पहारा देत जागा असतो. म्हणून पहिल्या रात्री झोप पुरी होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री मेंदूला जागा ओळखीची वाटते आणि पहारा उठतो. तुमच्या मुलांचा पहारा उठत नाहीये. त्यांना प्रत्येक रात्र पहिली रात्र आहे.”

“स्वतःच्या घरात?” अभिनंदनने विचारलं.

“मेंदूतल्या नकाशाला एक शून्य लागतं, चौगुलेसाहेब. मुंगी वारुळापासून कितीही भटकली तरी वारूळ कुठल्या दिशेला, किती लांब, याचा हिशोब तिच्या आत चालू असतो. माणसाचंही तेच. आपलं शून्य लहानपणी घरात रोवलं जातं. या मुलांचं कधी रोवलंच गेलं नव्हतं. कानातल्या आवाजामुळे गरजच पडली नाही. आम्ही जाळी मोकळी केली आणि...” ते थांबले.

“सांगा त्यांना,” पडद्यावरून उर्मिलाताई म्हणाल्या. “नाहीतर मी सांगते. रोज संध्याकाळी, जिथं मुक्काम असेल तिथं, आम्ही पोरांना गोल बसवायचो. डोळे मिटायचे आणि बोट दाखवायचं. टेंभुरपाड्याचं स्वयंपाकघर कुठं आहे? किती चुकलं ते मी मोजायचे. पहिल्या आठवड्यात बोटं दाही दिशांना. शेवटी शेवटी वीस जणांची बोटं एकाच रेषेत. मला केवढा अभिमान वाटायचा त्याचा.”

“मग घराकडे का नाही दाखवायला लावलंत?” अभिनंदनचा आवाज चढला. “सांगलीकडे? प्रत्येकाच्या आपापल्या घराकडे?”

ओगल्यांनी चष्मा काढला. “कारण सांगली त्यांना चालून पडताळता आली नसती. स्वयंपाकघर सकाळी चालत गाठता यायचं. बरोबर की चूक, लगेच समजायचं. शिकवण्याच्या दृष्टीने ते अचूक होतं. आम्ही अचूकपणा बघितला. जिकडे रोज बोट दाखवतायत तिथंच शून्य रोवलं जातंय, हे आम्हाला दिसलं नाही.”

“तुम्हा शहाण्या माणसांना?”

“आम्हालाच,” ओगले म्हणाले. “मुंग्यांवर बारा वर्षं काम केलं होतं मी.”

उपाय एकच होता. मुलांना त्यांच्या घरी ठेवून फवारा पुन्हा द्यायचा. जाळी विरघळेल, टेंभुरपाड्याचं शून्य उपटलं जाईल, आणि नशीब असेल तर नवं शून्य घरात रोवलं जाईल. एका मुलाला दिलाही होता, साताऱ्याच्या जगदाळ्यांच्या विहंगला. तो आता रात्रभर झोपत होता. बाकी परिणाम काय ते अजून बघत होते.

“मला द्या,” केतकी एकदम म्हणाली. “तो फवारा मला द्या. मी जाते तिच्याबरोबर टेंभुरपाड्याला. मी तिकडची होऊन राहते.”

“तुमची जाळी चाळीस वर्षांची आहे,” ओगले म्हणाले. “तिच्यात काय काय विणलं गेलंय, आणि काय वाहून जाईल, हे मी सांगू शकत नाही. मी देणार नाही.”

परत येताना कराड मागे पडलं. मग अभिनंदन म्हणाला, “मला विचारलं असतंस तरी.”

“काय?”

“तिकडची होऊन राहते म्हणालीस. मी इथंच राहिलो असतो की.”

केतकीने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो तसाच राहू दिला, पण बोटं मिटली नाहीत.

टेंभुरपाड्याला परत जायची वाट मोकळी होती. सत्र बंद झालं होतं, पण काही मुलं तिथं परतली होती. उर्मिलाताईंबरोबर रानात काम करत होती. झोपत होती. हे शाल्मलीलाही ठाऊक होतं. तिने कधी विषय काढला नाही. केतकीनेच एकदा, भाजी निवडता निवडता विचारलं, “तुला जावंसं वाटतं ना?”

शाल्मलीने एक जुडी आपल्याकडे ओढली. “तू काय म्हणशील?”

“मी काय म्हणणार? एकुलती एक आहेस. जाऊ नकोस म्हणणार.”

“मग नाही जात,” शाल्मली म्हणाली. ती आपल्या शब्दाला जागली. केतकी तेव्हा सुटल्यासारखी झाली. पुढच्या महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांनी शाल्मलीची तपासणी करून स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर हिचं हृदय थकेल, आणि ते आपल्याला आधी कळवणार नाही. तेव्हा ‘नाही जात’ या दोन शब्दांचं ओझं केतकीच्या अंगावर आलं.

शाल्मली परत आल्याला वर्ष होत आलं तेव्हा पुण्याची तारीख ठरली. दुसरा फवारा. शाल्मलीने स्वतः सही केली. अभिनंदन पेढी बंद ठेवून येणार होता. केतकी म्हणाली, नको, आम्ही दोघीच जातो. वाटेत सातारा लागतो, विहंगला बघून जाऊ.

जगदाळ्यांचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी होतं. विहंगची आई अश्विनी यांनी दोघींना आग्रहाने आत नेलं. कांदेपोहे आधीच तयार होते.

“कांदा नाही घातला तुमच्या वाटणीत,” त्या म्हणाल्या. “तुमच्यात चालत नाही ना. विहंग, ये रे, बघ कोण आलंय.”

विहंग आला. उंच, तुकतुकीत चेहऱ्याचा, झोप झालेला मुलगा. त्याच्या कानात यंत्र होतं. तो शाल्मलीकडे बघून नीट हसला.

“शाल्मली. आईने फोटो दाखवलाय तुझा.”

“फोटो?” शाल्मली हसली. “ए, नाटकं करू नको. अस्वलाचा दिवस विसरलास काय?”

“नाही, नाही. अस्वल आलं होतं ना? आपण सगळे झाडावर चढलो होतो.”

“आम्ही चढलो होतो. तू खाली होतास.” शाल्मलीचं हसू अजून गेलं नव्हतं. “ताट वाजवत त्याच्या अंगावर गेलास. मी वरून किंचाळत होते, येड्या वर ये, येड्या वर ये.”

“मी?” विहंग म्हणाला. त्याला खरंच कौतुक वाटलं. “भारीच की.”

अश्विनीताईंनी त्याला पाणी आणायला सांगितलं. तो उठला, क्षणभर थांबला. कानातल्या आवाजाने काहीतरी सांगितलं तसा तो डाव्या हाताच्या दाराकडे वळला. घर तीन खोल्यांचं होतं.

“आठवणीला जागा लागते म्हणतात डॉक्टर,” अश्विनीताई हळूच म्हणाल्या. “घडलं ते कुठं घडलं हे पुसलं की घडलेलंही धरून राहत नाही. आणि शून्य काही परत बसलं नाही त्याचं. इथंही नाही. पण शून्यच नसलं की पहारा तरी कशाचा द्यायचा? म्हणून झोपतो. झोपतो हो, केतकीताई! रात्रभर झोपतो. मी अंगावरचं पांघरूण सारखं करते, त्याला पत्ता नसतो.” त्यांनी पदराने ओठ टिपले. “मला आई म्हणतो. तेवढं आहे.”

विहंगने दोन तांब्ये आणले. एक अश्विनीताईंना दिला. “काकू, घ्या,” तो म्हणाला, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दुरुस्ती केली, “आई.”

पाणी प्यायल्यावर शाल्मली बाहेर जाऊन गाडीत बसली.

गाडी आपली आपण चालत होती. खंबाटकीचा घाट मागे पडला. मग शाल्मली म्हणाली, “मला चालेल, आई.”

“काय?”

“विहंगचं झालं तसं. तू काळजी करू नकोस. त्याला काही दुखत नाहीये ना? आणि मी तुझ्याजवळ राहीन. अस्वलाचं तू सांगत जा मला, तुला पाठ आहे ते.”

केतकीने खिडकीबाहेर बघितलं. तिच्या डोळ्यांसमोर अश्विनीताई होत्या, रात्री पांघरूण सारखं करणाऱ्या. त्यांचा मुलगा त्यांच्याजवळ होता. पण तो कुठेच नव्हता. आपणही नेमकं तेच मागायला निघालो आहोत, हे तिला तेव्हा लख्ख कळलं: पोरगी घरात असावी, मग तिच्यातलं काय उरतं ते उरो. ती पुढे वाकली आणि गाडीला पुण्याऐवजी दुसरा पत्ता सांगितला. आवाज इतका लहान निघाला की गाडीने पत्ता पुन्हा विचारला.

शाल्मलीने तो ऐकला की नाही कोण जाणे. कात्रजला पुण्याचा फाटा मागे गेला. नाशिकचा रस्ता लागला, चाकण गेलं. शाल्मली काही विचारत नव्हती. पण तिचे खांदे, जे वर्षभर कानांकडे चढलेले होते, ते उतरत होते. केतकी रोज लोकांचे खांदे हाताळणारी बाई. ते उतरणं तिला दिसत होतं. धुळ्याला मुक्काम केला. सकाळी शहाद्यानंतर घाट सुरू झाला तेव्हा शाल्मली खिडकी उघडून बाहेर तोंड काढून बसली होती, लहानपणी बसायची तशी.

“दोन दिवस झोपते फक्त,” ती वाऱ्यात ओरडून म्हणाली. “मग परत जाऊ आपण. मग बघू काय ते. चालेल ना?”

“चालेल,” केतकी म्हणाली.

टेंभुरपाडा म्हणजे उतरणीवरची दहा-बारा घरं आणि जरा वर शिबिराचे पत्र्याचे मांडव. स्वयंपाकघर मधोमध होतं: शेणाने सारवलेली जमीन, तीन चुली, कुडाच्या भिंती. दुपारची भाकरी चालली होती. दोन-तीन मुलं धावत आली, शाल्मलीला मिठ्या मारल्या, कुणीतरी तिच्या पाठीत धपाटा घातला. “काय गं, सांगलीची हाडकुळी!” उर्मिलाताई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. शाल्मलीने त्यांना नमस्कार केला, आत गेली, हात धुतले, चुलीपासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसली. भाकरीचा तुकडा तोंडात घातला. दुसरा हातात होता तेव्हाच ती भिंतीला टेकली आणि घसरत आडवी झाली.

केतकी धावली. उर्मिलाताईंनी तिला अडवलं. “झोपलीय,” त्या म्हणाल्या. “सगळे असेच झोपतात आल्यावर. राहू द्या.”

भरदुपारी, भांड्यांच्या आवाजात, मुलांच्या गलक्यात शाल्मली झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात डोक्याखाली, बोटांत भाकरीचा तुकडा. पापण्या हलत नव्हत्या. वर्षभर केतकीने तिला डोळे मिटून पडलेली बघितली होती. झोपलेली बघितली नव्हती. केतकी तिथेच तिच्या शेजारी बसली.

ती दिवसभर बसून राहिली. शाल्मली उठली नाही. रात्री केतकीला शेजारीच अंथरूण दिलं होतं. तिला झोप आली नाही. पानांचा आवाज, कुत्र्याचा आवाज, प्रत्येकाला ती दचकत राहिली. आपला अर्धा मेंदू आता पहाऱ्यावर आहे, हे तिला ठाऊक होतं. दोन रात्रींनी, फार तर तीन रात्रींनी, तो पहारा उठेल. पोरीने तीनशेहून जास्त रात्री हा पहारा दिला होता, आईसाठी.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी शाल्मली झोपलेलीच होती. शहाद्याला जाणारी जीप दुपारी निघायची होती. आपली गाडी केतकीने शाल्मलीसाठी ठेवायचं ठरवलं होतं. मग पहाटेच विचार बदलला आणि गाडीला रिकामीच परत सांगलीला धाडलं. पोरगी मधेच उठली तर दारात गाडी दिसू नये, तिला निघणं सोपं असू नये म्हणून.

“उठवते तिला,” उर्मिलाताई म्हणाल्या. “भेटून जा. असं कसं जाता?”

“उठली तर माझ्याबरोबर येईल,” केतकी म्हणाली. “दोन दिवस म्हणून आलीय ती. मला एकटी जाताना बघितलं तर चपला घालून जीपमध्ये बसेल. मी ओळखते तिला.”

उर्मिलाताईंनी चुलीतले निखारे मागे ओढले. “तुम्ही मला एकदा तरी शिव्या द्यायला पाहिजे होत्या,” त्या म्हणाल्या.

“हिच्या बाबांनी दिल्यात घरी, माझ्या वाट्याच्याही,” केतकी म्हणाली. “तिला भाकरी कडक आवडते. पापुद्रा सुटलेली.”

“माहीत आहे मला.”

“हो,” केतकी म्हणाली. “तुम्हाला माहीत असणारच.”

तिने शाल्मलीच्या बोटांतला वाळलेला तुकडा हळूच काढून घेतला. तिच्या कपाळावर ओठ टेकवले. शाल्मलीने झोपेतच कूस बदलली, आईकडे पाठ झाली. जीप हॉर्न वाजवायला लागली तशी केतकी धावत खाली गेली, जीपवाल्याला गप्प करायला.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर ती सांगलीला पोचली. अभिनंदनला तिने वाटेत फोनवर सगळं सांगितलं होतं. त्याने दार उघडलं, तिच्या मागे कुणी नाही हे माहीत असूनही एकदा बाहेर डोकावून बघितलं. दिवस मावळायच्या आत दोघं जेवली. तिसरं ताट त्याने सवयीने मांडलं होतं. त्यानेच ते उचललं.

केतकीला वाटलं होतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही. ती आडवी झाली आणि उशीला डोकं टेकताच झोपली. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून थेट पलंगावर आलं होतं. अंग हलकं झालं होतं. एकही स्वप्न पडलं नव्हतं. ती तशीच पडून राहिली आणि तिला आपल्या शरीराची लाज वाटली. घरातलं माणूस गेलं होतं आणि शरीराने त्याची दखलसुद्धा घेतली नव्हती. जागा तीच होती ना. मग त्याची काही तक्रार नव्हती.

फोन वाजला.

“आई, मला उठवलं का नाहीस? कालपासून फोन लावतेय, आज कुठं लागला.”

वर्षभर केतकीने हा आवाज ऐकला नव्हता. स्वच्छ, भरलेला, नीट झोप झालेल्या मुलीचा आवाज. त्यात रडू होतं, पण तेही पोटभर झोपलेल्या माणसाचं होतं.

“झोपली होतीस,” केतकी म्हणाली.

“मग? हलवायचं की मला. मी आले असते.”

“म्हणूनच.”

पलीकडे भांडी आपटत होती, कुणीतरी तिला हाका मारत होतं.

“बोलावतायत ना तुला?” केतकीने विचारलं.

“लाकडं आणायला जायचंय.”

“जा मग.”

“आई...”

“जा गं. ते थांबलेत.”

फोन ठेवून ती बाहेर आली. अभिनंदन पेढीवर निघण्याच्या तयारीत दारात उभा होता.

“काय म्हणाली?”

“झोप झाली म्हणाली.”

त्याने मान हलवली. मग तो किल्ल्या शोधायला लागला. टेबलावर बघितलं, खिशात बघितलं, देव्हाऱ्याच्या फळीवर बघितलं. किल्ल्या त्याच्या हातातच होत्या. केतकीने सांगितलं नाही. ती त्याच्याबरोबर शोधू लागली.